दुकानासमोरची गाडी

आमच्या बाजारात दुकान उघडं आहे की बंद हे शटरवरून कळतं. मालक आत आहे की नाही, हे गाडीवरून. गल्लीतला प्रत्येक दुकानदार आपली दुचाकी ऐन दारात, पायरीला चाक टेकवून लावतो. गाडी दिसली की सुरतेचा एजंट आत येतो, ओळखीचं गिऱ्हाईक आत येतं. गाडी नसली की लोक दारातूनच विचारतात, "शेठ न्हाईत व्हय?" आणि उत्तर ऐकायच्या आत शेजारच्या दुकानात शिरतात. माझ्या मामांची पांढरी स्कूटर वर्षानुवर्षं अशीच दारात उभी असायची. सकाळी गणपतीला ओवाळलेली उदबत्ती मामा तिच्या हँडलभोवती फिरवायचे आणि मगच गल्ल्यावर बसायचे.

मामांचं दुकान लग्नाच्या कापडाचं. बाहेरचा माणूस सोलापुरात चादर घ्यायला येतो, पण अक्कलकोटकडची खेडी इथं बस्ता बांधायला येतात. बस्ता म्हणजे लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घ्यायचं. नवरीचा शालू, करवल्यांच्या साड्या, आत्या-मावश्यांची मानाची लुगडी, टॉवेल, टोप्या, उपरणी. त्यासाठी अख्खं घर येतं, वर भावकी येते, आणि ज्यांना न आणलं तर लग्नात तोंड वाकडं होईल अशा दोनचार म्हाताऱ्या येतात. एसटीनं उतरतात, स्टँडवरून रमतगमत चालत येतात, गादीवर मांडी घालून बसतात. मामा त्यांच्याशी कानडीत बोलायचे, आमच्याशी मराठीत आणि शालू आवडला नाही तर कपाळाला हात लावून कुठल्याच भाषेत नाही.

बी.ए. झाल्यावर मी तिथं बिलं करायला बसले. वडलांना ते पटलं नाही. वडील गिरणी कामगार. गिरणी बंद पडली, पण त्यांचा लढा बंद पडला नाही. युनियनची पत्रकं लिहायची, छापून आणायची, चौकात उभं राहून वाटायची. आमच्या घरी पुस्तकं विकत घेण्याची ऐपत नव्हती आणि उरलेल्या पत्रकांना तोटा नव्हता. माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं असत. भूगोलाच्या वहीवर 'कामगार बंधूंनो, सावधान!' असं लिहिलेलं असायचं. पूर्णविरामाच्या आधी मला उद्गारचिन्ह काढता येऊ लागलं.

"भांडवलदाराच्या गल्ल्याशी बसणार व्हय तू?" वडील म्हणाले.

"त्यो भांडवलदार न्हाय, माझा भाऊ हाय," आई म्हणाली. "आन त्याच्या दुकानातला टॉवेल तुमच्या खांद्यावर हाय."

मामा दुकानात मला कॉम्रेड म्हणायचे. "कॉम्रेड, त्या पाहुण्यांचं बिल करा. जीएसटी क्रांतीनंतर माफ होणार हाय, आता लावा."

माझे मामा वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम लिहून ठेवते. पुढचं वाचताना लागेल.

गल्ली चांगली रुंद होती. हे कुणाला सांगितलं तर हसतात, कारण ती रुंद दिसायचीच नाही. दोन्ही बाजूंना दुकानदारांच्या गाड्या, त्यांच्यापुढं नोकरांच्या गाड्या, त्यांच्यापुढं पुतळ्यांना नेसवून बाहेर काढलेल्या साड्या. उरलेल्या फटीतून रिक्षा, दुचाक्या, मालाचे टेम्पो आणि माणसं. माणसानं चालायचं म्हणजे एका गाडीच्या आरशाला कोपर लावून दुसऱ्या गाडीच्या आरशातून सुटायचं. मागून हॉर्न. काचेतली साडी बघायला बाई थबकली की हॉर्न. ज्या गल्लीत माणसाला दोन क्षण थांबता येत नाही, त्या गल्लीत लाखाचा माल काचेत लावून काय उपयोग? हा प्रश्न मी मामांना विचारला. ते म्हणाले, "बाजार म्हटलं की गर्दी असायचीच. गर्दी नसली तर रडायचं."

गर्दी माणसांची वेगळी आणि लोखंडाची वेगळी. आमच्या गल्लीत दुसरी वाढत होती आणि पहिली कमी होत होती. गल्ल्यावर बसून समोर बघणाऱ्या कुणालाही ते दिसावं. पण गल्ल्यावरून समोर बघितलं की आधी स्वतःचीच गाडी दिसते.

एका हिवाळ्यात एक मोठा बस्ता आला. नवरीच्या आजीला रस्त्यात एका दुचाकीचा धक्का लागला होता. फार काही नाही, कोपर खरचटलं होतं. पण म्हातारी जी गादीवर येऊन बसली ती उठेना. तिच्या सुना म्हणाल्या, चार दुकानं बघू या. म्हातारी म्हणाली, "साकप्पा, साक. पुरे झालं. मी हितनं हलणार न्हाय. बघायचं ते बघा आन मला घरी न्या." मामांनी हळद मागवली, पाणी दिलं, थट्टा केली, "आजी, तुमचं लग्न असतं तर मी पालखी धाडली असती." म्हातारी हसली नाही. सुनांनी घाईघाईत निम्मं कापड घेतलं. उरलेलं नंतर घेऊ म्हणाल्या. नंतर त्या आल्याच नाहीत.

संध्याकाळी मामा म्हणाले, "गिऱ्हाईक बदललं. पूर्वीचं गिऱ्हाईक दिवसभर बसायचं."

मी म्हटलं, "गिऱ्हाईक तेच आहे मामा. रस्ता बदलला."

"झालं सुरू," ते म्हणाले आणि शटरची काठी शोधायला उठले.

त्याच हिवाळ्यात शहर सुधारण्याच्या कुठल्याशा योजनेतून एक नगररचनाकार आली. माझ्याच वयाची, पुण्यात शिकलेली, मूळची टेंभुर्णीची. इतर साहेब गाडीतून येऊन गल्लीच्या तोंडाशी फोटो काढून गेले होते. ही रोज यायची, चालत. सावली कुठल्या वेळेला कुठल्या बाजूला पडते, बायका कुठं थांबतात, म्हातारी माणसं कुठल्या पायरीवर टेकतात, हे बघत बसायची. मी तिला दुकानात बोलावून चहा दिला. तिनं सांगितलं ते साधं होतं. लग्नसराईच्या तोंडावर पंधरा दिवस, रोज संध्याकाळी, गल्ली फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवायची. गाड्या मागच्या बंद गिरणीच्या पटांगणात लावायच्या, तिथून गल्लीत यायला वाटेत पानवाल्याशी गप्पा मारल्या तरी तोंडातली सुपारी संपत नाही एवढंच अंतर. माल सकाळी उतरवायचा. मधोमध बाकं ठेवायची. आजारी, अपंग माणसांची रिक्षा आत येऊ द्यायची. पंधरा दिवसांनी व्यापाऱ्यांच्या कमिटीनंच ठरवायचं, कायमचं करायचं की नाही.

कमिटीचे अध्यक्ष समोरच्या रेडिमेडच्या दुकानाचे मालक. ते हो म्हणाले, कारण योजनेतून दिवे फुकट लागणार होते. मामा म्हणाले, "पंधरा दिवस ना? पंधरा दिवस माणूस सासूला पण घरात ठेवून घेतो."

मी पत्रक लिहिलं. 'रस्ता कुणाचा?' असं मथळ्यात, खाली गल्लीचं साधं चित्र, आणि चार ओळींत 'पंधरा दिवस रोज संध्याकाळी या, चालत या' एवढंच. वडलांनी वाचून दोन उद्गारचिन्हं वाढवली. मग चष्मा काढून म्हणाले, "व्यापाऱ्यांच्या धंद्यासाठी पत्रक लिहिलं की तू."

"चालणाऱ्यांसाठी लिहिलंय, बाबा. चालणारा कोण असतो? ज्याच्याकडं गाडी नाही तो."

त्यांनी चष्मा परत लावला. दुसऱ्या दिवशी निम्मा गठ्ठा त्यांनी स्वतः चौकात उभं राहून वाटला.

पहिल्या संध्याकाळी मामांची फार पंचाईत झाली. स्कूटर पटांगणात होती. सुरतेचा एजंट दारातून डोकावून म्हणाला, "शेठ न्हाईत वाटतं," आणि मामा गल्ल्यावरून ओरडले, "हाय की! मेलो न्हाय अजून!" मग ते बाहेर येऊन पायरीवरच उभे राहिले, आपण आहोत हे दिसावं म्हणून. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. इतकी वर्षं ते त्या पायरीवर कधी नुसते उभे राहिले नव्हते.

त्या पंधरवड्याबद्दल लिहायला बसले की माझा राग मऊ पडतो, आणि तो मऊ पडू नये असं मला वाटतं. म्हणून थोडक्यात लिहिते. पहिले दोन दिवस लोक मोकळ्या गल्लीतही भिंतीला घासूनच चालत होते, सवयीनं. तिसऱ्या दिवशी मधून चालायला लागले. बायका काचेसमोर थांबायला लागल्या, मागं वळून न बघता. थांबल्या की आत यायच्या. विडी कामगार बायका वळलेल्या विड्या जमा करून परतताना बाकांवर टेकायच्या, तेलुगूत एकमेकींची टिंगल करायच्या आणि जाताना ब्लाउजपीस घेऊन जायच्या. शेंगाचटणीवाल्या मावशींची पाटी रोज रिकामी व्हायची. बांगड्यांचा गाडा लावणारे चाचा मला म्हणाले, "बेटी, ऐसाइच रहने दो की ये रस्ता. बाई के हात में बांगडी भरते वक्त पीछे से हॉरन नको." आवाज वेगळाच झाला होता गल्लीचा. इतका वेळ हॉर्नखाली दबलेलं माणसांचं बोलणं वर आलं होतं. समोरच्या दुकानातला भाव इकडं ऐकू येत होता आणि मामा तिकडं बघून ओरडत होते, "त्यांचं ऐकू नका ओ ताई, रंग जातोय त्याचा!" सगळी गल्ली हसत होती.

बस्तेही आले. एका घरची म्हातारी बाहेरच्या बाकावर बसली आणि नातवंडं आतून एकेक लुगडं आणून तिच्या मांडीवर टाकत होती. ती पदर चिमटीत धरून बघायची आणि मानेनं हो-नाही सांगायची. येणारे-जाणारे थांबून आपापलं मत देत होते. ते बघून दुसरं घर आत आलं. मामांना माळ्यावरचे गठ्ठे खाली काढावे लागले. त्या दिवशी दुकान बंद करताना ते स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होते. मी विचारलं, "कसं काय?"

"बरं चाललंय," ते म्हणाले. "लग्नसराई हाय ना."

लग्नसराई दरवर्षीच असते, हे मी बोलले नाही. मला वाटलं, कळलंय यांना.

पंधरवडा संपला आणि गल्लीतल्या मारुतीच्या देवळात कमिटीची बैठक बसली. दुकानदारांचं मत अर्धं इकडं, अर्धं तिकडं होतं. लहान दुकानं बाजूनं होती. मोठी दुकानं अध्यक्षांच्या तोंडाकडं बघत होती. मामा जुने, त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते ज्या बाजूला बोलतील तिकडं गल्ली झुकणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

अध्यक्ष म्हणाले, "गिऱ्हाईकाला गाडी दारात लागते. गाडी लावाय जागा न्हाई तर गिऱ्हाईक न्हाई. साधा हिशोब हाय."

मला बोलायचा अधिकार नव्हता, मी मामांबरोबर आले होते. तरी उठले. म्हटलं, "दारातल्या गाड्या गिऱ्हाईकांच्या नाहीतच. सकाळी शटरबरोबर येतात आणि रात्री शटरबरोबर जातात. त्या तुमच्या आहेत. तुमच्याच गाड्यांनी तुमची दारं बंद झालीत."

"ही कोण?" कुणीतरी विचारलं.

"शेठची भाची. गिरणीवाल्याची पोरगी."

"मग बरोबर. बापानं गिरणी बंद पाडली, ही बाजार बंद पाडणार."

देवळात हशा झाला. माझ्या वडलांनी गिरणी बंद पाडली नव्हती. गिरणीनं वडलांना बंद पाडलं होतं. पण ते सांगायची ती जागा नव्हती. मी म्हटलं, "सिद्धेश्वराच्या यात्रेत मानाच्या उंच काठ्यांची मिरवणूक निघते तेव्हा तुम्हीच गाड्या काढता. वायरी वर बांधता, खड्डे बुजवता. त्या दिवशी सगळं शहर पायी चालतं आणि तुम्ही त्याला पाणी वाटता. वर्षातून एकदा जमतं ते रोज संध्याकाळी का जमत नाही?"

अध्यक्ष म्हणाले, "ते देवासाठी असतंय बाई. गिऱ्हाईक काय देव हाय का?"

त्यांच्या दुकानात गल्ल्यामागं मोठ्या अक्षरांत 'ग्राहक हाच आमचा देव' अशी पाटी आहे. मी ती आठवण करून दिली. आता कुणी हसलं नाही. मला तेव्हा वाटलं, जिंकले. पत्रकांवर वाढलेल्या माणसाला बिनतोड उत्तर म्हणजे विजय वाटतो. लोकांची मतं बिनतोड उत्तरांनी बदलत नाहीत, हे पत्रकात कुठं छापलेलं नसतं.

मग मामा उठले. 

"धंदा वाईट झाला न्हाय," ते म्हणाले. "खोटं बोलणार न्हाय मी. झालाच तर बरा झाला. पण मला एक सांगा. दुकानासमोर गाडी न्हाई, म्हंजे मालक न्हाई. पंधरा दिवस मला प्रत्येक जण विचारतोय, शेठ गावाला गेलते का. बापानं दारात सायकल लावली, मी स्कूटर लावली. ती तिकडं गिरणीच्या उकिरड्यात लावून मी माझ्याच दुकानात गिऱ्हाईकासारखा चालत येऊ? उद्या म्हणतील ह्यानं दुकान विकलं. मला न्हाई जमणार."

एवढंच. ना आकडा, ना तोटा, ना अडचण. हात वर झाले आणि गल्ली परत गाड्यांची झाली. नगररचनाकार देवळाच्या पायरीवर बसली होती. तिला मी आत काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "अहवालात काय लिहू?" मी म्हटलं, "लिही, मालक आत होते." ती रडायच्या बेतात होती. पुढच्या महिन्यात तिची बदली दुसऱ्या शहरातल्या कामावर झाली.

घरी मामा आईला म्हणाले, "अक्का, तुझ्या पोरीला सांग, चारचौघांत मामाला तोंडघशी पाडायचं नसतं."

"तिनं कुटं पाडलं?" आई म्हणाली. "तूच की पडलास. आन धंदा बरा झाला म्हणून सांगून वर नको म्हणालास. असा येडा व्यापारी मी पाहिला न्हाय."

वडील कोपऱ्यात बसून ऐकत होते. मला वाटलं, आता मालकवर्गावर काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "मी गिरणीच्या गेटवर बिल्ला लावून जायचो. गिरणी बंद झाल्यावर पण लावायचो. कळतंय मला तुमचं, दाजी म्हणून बोलतो." मामांनी मान खाली घातली. मला दोघांचाही राग आला. एकानं बिल्ला जपला, एकानं गाडी, आणि दोघांनीही जे गेलं ते जाऊ दिलं.

बाकं कमिटीनं देवळामागं उलटी करून ठेवली. पुढच्या लग्नसराईत हायवेवर कापडाचं मोठं शोरूम उघडलं. तीन मजले, खाली टेम्पो लावायला मैदान. खेड्यातली घरं स्टँडवर उतरेनाशी झाली. टेम्पो करून थेट तिकडं जाऊ लागली. आमची गादी दिवसदिवस पांढरी राहायची, तिच्यावर सुरकुतीसुद्धा पडायची नाही. मामांनी अर्धं दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्यानं दिलं. एक दिवस ते म्हणाले, "कॉम्रेड, बिलं करण्याएवढी बिलंच न्हाईत की." मी समजले. त्यांनी मला काढलं असं मी म्हणणार नाही. काम गेलं.

मग मामांच्या मुलीचं लग्न ठरलं.

सगळ्यांना वाटलं, बस्ता घरचाच. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या पोरींचे शालू निवडून दिले, तो आपल्या पोरीचा शालू स्वतःच्या गादीवर उलगडणार. मामांनी माळ्यावरून जुना जपून ठेवलेला माल काढला होता, मला घड्या बदलायला बोलावलं होतं. पण व्याह्यांचा फोन आला. त्यांच्याकडच्या दोन म्हाताऱ्या येणार होत्या, एकीचे गुडघे गेलेले. ते म्हणाले, "शेठ, राग मानू नका. तुमच्या गल्लीत त्यांना चालवत न्हाय. शोरूमलाच भेटू. पसंती तुमचीच." वरपक्षाला नाही म्हणता येत नाही. मामा म्हणाले, "व्हय व्हय, चालतंय की."

आम्ही गेलो. दारातल्या माणसानं शिट्टी मारून मामांना मैदानाच्या पार टोकाला गाडी लावायला लावली. मामांनी मुकाट्यानं लावली आणि उन्हातून चालत आले. आतले रस्ते (त्यांना रस्तेच म्हणायला हवं) आमच्या गल्लीएवढेच रुंद होते. मधे बाकं होती. म्हाताऱ्या बाकांवर बसल्या होत्या आणि पोरी साड्या आणून त्यांच्या मांडीवर टाकत होत्या. व्यवस्था तीच. ती नगररचनाकार पोरगी आमच्या गल्लीसाठी जी मागत होती तीच. फक्त छप्पर घातलेलं आणि मालक कुणीतरी तिसराच.

विकणारा पोरगा शालू दाखवत होता. मामांनी पदर उलटा करून बघितला, जरीचा काठ चिमटीत धरला आणि हळूच व्याह्यांना सांगितलं, "हा नको, तो खालचा घ्या. टिकंल." पोरानं विचारलं, "काका, तुमचं पण कापडाचं दुकान आहे का?"

"होतं," मामा म्हणाले.

दुकान होतं अजून, अर्धं. 

मामी म्हणाल्या, "तुझी मानाची साडी निवड ग पोरी." मी म्हटलं, मला इथली नको, मी आपल्या दुकानातली घेईन. आई पटकन म्हणाली, "तितं आता काय राहिलंय?" आणि मग तिलाच वाईट वाटलं, कारण मामांनी ऐकलं होतं.

ते उठून त्या गुळगुळीत रस्त्यावरून हात मागं बांधून टोकापर्यंत चालत गेले, आणि परत आले. कुणी हॉर्न वाजवला नाही, कुणी शेठ म्हणून हाक मारली नाही. माझ्याशेजारी बसत म्हणाले, "बरं चालता येतंय हितं."

"आपल्या गल्लीत पण येत होतं, मामा. पंधरा दिवस."

"आज नको," ते म्हणाले. "पोरीचं लग्न हाय."

मी त्यांच्याकडं बघितलं नाही. समोर व्याह्यांकडची गुडघे गेलेली म्हातारी लुगडं मांडीवर घेऊन मानेनं नाही म्हणत होती, आणि तिचा नातू दुसरं आणायला निघाला होता.